मांडीला मुंग्या: दुखणं नेमकं कुठे आहे?

‘मांडीत मुंग्या येतात’ म्हटलं की पहिला संशय मणक्यावर जातो आणि लगेच एमआरआयचा विषय निघतो. त्याआधी एक सोपं काम करावं: कुठे मुंग्या येतात, कुठे आग होते, ते बोटाने नेमकं दाखवावं. मांडीचा प्रत्येक भाग ठरावीक नसेकडे असतो, त्यामुळे जागेवरून बरंच कळतं.

बोट मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाच्या खाली फिरलं, तर बहुधा ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’. कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापासून निघालेली एक नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ, जांघेतल्या चिवट पट्ट्याखालून मांडीत उतरते. घट्ट बेल्ट, सुटलेलं पोट किंवा गरोदरपण यांमुळे ती तिथेच दाबली जाते. मधुमेहातही हा त्रास जास्त आढळतो. कापड घासलं तरी चरचरतं, बराच वेळ उभं राहिलं की वाढतं, बसलं की बहुतेकदा उतरतं. ही नस फक्त संवेदना वाहते, स्नायू हलवत नाही. म्हणून पायातली ताकद शाबूत राहते, आणि निदानात हीच खूण सर्वांत कामाची. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याला हाच त्रास होता. त्याने 1895 मध्ये त्यावर लेखही लिहिला. बेल्ट सैल केला, वजन उतरवलं की अनेकांना आराम पडतो. अशा वेळी कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली सरकलेली गादी दिसली, तरी दोषी तीच असं नाही. काहीही न दुखणाऱ्या माणसांतही ती सापडते.

मांडीच्या मागून कळ पोटरीपर्यंत उतरत असेल तर बहुधा सायटिका, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या मोठ्या नसेचं दुखणं. पुढच्या बाजूला दुखून जिना चढताना गुडघा दगा देत असेल, तर कमरेतल्या वरच्या नसा तपासाव्या लागतात. मधुमेह्याची मांडी अचानक भयंकर दुखून बारीक होऊ लागली, वजनही घटलं, तर मधुमेहानेच नसांवर घाला घातलेला असू शकतो.

एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि काही दिवसांनी तिथेच पाण्याचे फोड, ही नागीण. तिची औषधं पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेली बरी.

दोन्ही पाय लुळे पडू लागले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावं.