पिकअप बदलला की नेमकं काय बदलतं?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मनासारखा येईना की पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांची हालचाल टिपणाऱ्या भागावर जातो. मग नवा पिकअप, त्याच्या जोडीला नवा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो गिटारच्या धडावरचा भाग), नव्या खुंट्या. बदल करायला काहीच हरकत नाही. हे वाद्यच स्क्रू आणि वायरींनी जोडलेलं आहे, उघडावं आणि पुन्हा लावावं असं. पण कोणता भाग आवाजात काय करतो याचा अंदाज भौतिकशास्त्राला बऱ्यापैकी नेमका बांधता येतो. तो आधी समजून घेतला तर खरेदीची यादी पुष्कळदा निम्म्यावर येते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. शंभर वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, जॉर्ज बोशाँ यांनी तेच तत्त्व गिटारला लावलं आणि १९३७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल टिपतो. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर तो गप्प बसतो.

सिंगल कॉइल, म्हणजे एकच कॉइल असलेल्या पिकअपचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की सहा छोटे चुंबकदंड दिसतात, बहुधा अल्निकोचे, म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेल्या मिश्रधातूचे. त्यांच्याभोवती लाखेसारखं आवरण दिलेली तार घट्ट गुंडाळलेली असते. तिची जाडी जवळपास ०.०६३ मिलिमीटर, माणसाच्या केसाइतकी, आणि वेढे साडेसात-आठ हजार. स्क्रूड्रायव्हर घसरून इथे एक वेढा तुटला तरी सर्किट तुटतं आणि पिकअप कामातून जातो. कव्हर काढण्याची हौस भागवताना एवढं भान ठेवावंच.

पिकअप निवडताना लोक किलोओहमचा आकडा बघतात. सहा म्हणजे सौम्य, चौदा म्हणजे दणदणीत, असा हिशेब. मला हा आकडा दिशाभूल करणारा वाटतो. तो फक्त कॉइलच्या तारेचा रोध सांगतो. तेवढेच वेढे आणखी बारीक तारेने घेतले तरी रोध वाढतो, आवाज मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. चुंबक किती जोरकस आहे हे तर त्यातून मुळीच कळत नाही. आवाजाचा स्वभाव ठरवणारी राशी वेगळी आहे, ती म्हणजे कॉइलचं प्रवर्तकत्व, प्रवाहातल्या बदलाला कॉइल किती विरोध करते त्याचं माप. ते हेन्रीत मोजतात. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घाटणीच्या सिंगल कॉइलचं ते सव्वादोन हेन्रीच्या आसपास असतं, पारंपरिक हमबकरचं, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचं, साडेचारच्या आसपास.

आता या प्रवर्तकत्वाला केबल येऊन मिळते. गिटारपासून अँपपर्यंतची केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच. मीटरमागे तिची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड. कॉइल आणि ही धारिता मिळून अनुनाद घडवतात. एका ठराविक वारंवारतेच्या आसपासचे स्वर उठून येतात आणि त्यापलीकडचे झपाट्याने विरतात. आपण ज्याला पिकअपचा आवाज म्हणतो तो बराचसा या उंचवट्याचा आवाज असतो.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. पिकअप आणि आतल्या जोडण्यांची मिळून १०० पिकोफॅरड धरली, तर तीन मीटर केबलवर सिंगल कॉइलचा उंचवटा ५,३०० हर्ट्झच्या आसपास येतो. केबल सहा मीटरची घेतली की तोच ४,००० वर उतरतो. आणि हमबकरला तीन मीटरची केबल लावली तर? सुमारे ३,७५०. म्हणजे लांब केबलवरचा सिंगल कॉइल आणि आखूड केबलवरचा हमबकर या बाबतीत जवळजवळ शेजारी आहेत! आवाज फार बोचरा किंवा फार मिणमिणीत वाटत असेल तर मी सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी वेगळ्या लांबीची केबल लावून ऐकेन.

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटण फिरवून बदलता येणारा रोध, हाही या सर्किटचाच भाग. तो अनुनादावर ब्रेकसारखा काम करतो. रोध जितका कमी तितका उंचवटा दबतो. म्हणून सिंगल कॉइलला बहुधा २५० किलोओहमचे पॉट लावतात आणि आधीच मऊ असलेल्या हमबकरला ५०० चे. हमबकर बसवताना जुने २५०चे पॉट तसेच ठेवले, तर आवाज बोथट येतो आणि दोष नव्या पिकअपवर जातो.

हमबकर पुढे आला तो गुणगुण घालवण्यासाठी. घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची थरथर प्रत्येक कॉइल पकडते. गिब्सन या गिटार कंपनीचे सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवल्या. त्यांच्या जोडणीची दिशा उलट आणि चुंबकांचे ध्रुवही उलट. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत विरुद्ध चिन्हांनी येते आणि कटते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटून पुन्हा सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. पेटंटचा अर्ज १९५५ चा, आणि १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर दिसू लागले. एवढ्या साध्या वजाबाकीने हे साधावं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पिकअप बदलून एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे त्याची जागा. तार ब्रिजजवळ थोडी हलते, नेककडे (गिटारच्या मानेकडे) जास्त, त्यामुळे ब्रिजकडचा आवाज नेहमी अधिक धारदार आणि बारीक. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर ब्रिजपासून १६२ मिलिमीटरवर बसवलेला पिकअप मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या चौपट वारंवारतेचा उपस्वर, जवळजवळ ऐकतच नाही, कारण नेमक्या त्या बिंदूशी तो हार्मोनिक हलत नाही. कितीही महागडा पिकअप आणला तरी हे तसंच राहणार. उंची मात्र आपल्या हातात आहे. तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून पिकअप आणि तार यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. फार जवळ आणला तर चुंबकच तारेला ओढतो आणि जाड तारांचे स्वर डळमळतात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज पोकळ झाला, तर त्यांच्या संकेतांची दिशा एकमेकांविरुद्ध आहे. हे बसवण्याआधीच तपासता येतं. मल्टिमीटर लावून पिकअपवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. आकडा क्षणभर वर किंवा खाली सरकतो. दोघांचे आकडे विरुद्ध सरकले तर एकाच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. फक्त धातूचं कव्हर वायरीभोवतीच्या, अर्थिंगला जाणाऱ्या जाळीला जोडलेलं असेल तर तसं करू नये. कव्हर अर्थिंगऐवजी संकेताला जोडलं जातं आणि हात लागला की गुणगुणतं.

ब्रिज आणि खुंट्यांचा मोठा परिणाम आवाजावर नव्हे, सूर टिकण्यावर होतो, असं माझं मत आहे. सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास असतो, आणि सूर उतरतो तो बहुतेकदा नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, खाचेत तार अडकल्यामुळे. सूर लावताना ‘टिक’ असा आवाज आला तर दोष बहुधा खाचेचा, खुंट्यांचा नव्हे. खाच साफ करून तिच्यात पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासलं तरी पुष्कळदा भागतं. ब्रिज घेताना माप आधी घ्यावं. पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर काहींवर ५२ मिलिमीटर असतं, काहींवर ५६, आणि चुकीचा ब्रिज आला तर कडेच्या तारा फ्रेटच्या टोकावरून निसटतात.

जुना ब्रिज काढताना त्याखाली एक बारीक वायर सापडते. ती तारांना अर्थिंगशी जोडते. वाजवणाऱ्याचं शरीर आसपासची विजेची थरथर गोळा करत असतं, आणि तारांना हात लागला की ती या वायरीतून निघून जाते. नवा ब्रिज बसवल्यावर मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावावं. रोध शून्याच्या जवळ दिसला नाही, तर ती वायर धातूला टेकलेली नाही.