बॉयकॉट: एका कॅप्टनच्या आडनावाचा शब्द कसा झाला

बॉयकॉट हा शब्द आज कुठेही चालतो, पिक्चर असो, क्रिकेट मॅच असो नाहीतर चिनी माल, पण मुळात ते एका जिवंत माणसाचं आडनाव होतं. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी, कुळांकडून खंड वसूल करणं हे त्याचं काम. 1880 साली कुळं म्हणत होती खंडात 25 टक्के सूट द्या, मालक 10 च्या वर जाईना, आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हटवायच्या नोटिसा काढल्या.

त्याच सप्टेंबरमध्ये पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, अगदी चर्चमध्येसुद्धा कुणी बोलायचं नाही. लोकांनी तेच हत्यार बॉयकॉटवर चालवलं. शेतावरचे गडी गेले, घरातले नोकर गेले, लोहार काम घेईना, दुकानदार माल देईना, कपडे धुवायलासुद्धा कोणी मिळेना. शेवटी उत्तरेकडून 50 माणसं पीक काढायला आणली आणि त्यांच्या बंदोबस्ताला हजारेक पोलीस आणि सैनिक, म्हणजे साधारण 500 पौंडांचं पीक काढायला 10,000 पौंड खर्च झाला म्हणतात! डिसेंबरच्या सुरुवातीला बॉयकॉट आयर्लंड सोडून निघून गेला. तिथले पाद्री फादर ओमॅली यांनी हे नाव क्रियापदासारखं वापरायचं सुचवलं असं सांगतात, आणि वर्ष संपायच्या आत ते लंडनच्या पेपरात छापून यायला लागलं.

1905 ला बंगालची फाळणी जाहीर झाल्यावर टिळकांनी बहिष्काराची हाक दिली, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, ती याच जातीची लढाई, खालच्यांनी वरच्याला वठणीवर आणायची.

पण आपल्याकडे वाळीत टाकणं त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि ते नेमकं उलट्या दिशेने चालतं, गाव किंवा जातपंचायत एकट्या कुटुंबाला पाणी, किराणा, लग्नकार्य, सगळं बंद करते. बाबासाहेबांनी 1927 ला पाक्षिक काढलं त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. इंग्रजीत यालाही सोशल बॉयकॉटच म्हणतात, हे मला फार खटकतं, कारण मेयोच्या कुळांकडे दुसरं काहीच हत्यार नव्हतं आणि पंचायतीकडे सगळंच असतं. याच्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 ला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, 2017 पासून तो लागू आहे आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.