गेट (इंग्रजी क्रियापद)

गेट : इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात सतत येणारे अनियमित क्रियापद. मुख्य अर्थ मिळणे, मिळवणे. त्याखेरीज होणे, पोहोचणे, आणणे, समजणे, करवून घेणे, आजार जडणे अशा कितीतरी अर्थांनी ते येते. भूतकाळी रूप ‘गॉट’. देवनागरीत लिहिले की हे क्रियापद आणि रेल्वेचे गेट यांत काही फरक उरत नाही. उच्चारात तो आहे : फाटकाच्या गेटमधला ए लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो, क्रियापदातला ए आखूड आणि तुटक असतो. मराठीत ऱ्हस्व ए वेगळा लिहायची सोय नसल्याने संदर्भावरच भागवावे लागते.

हा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियातून आला. नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वायकिंग लोक स्थायिक झाले. त्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेतले ‘गेता’ हे क्रियापद पुढे इंग्रजीत रुळले. ‘टेक’ (घेणे), ‘दे’ (ते) आणि ‘एग’ (अंडे) हे शब्दही त्याच वाटेने आले. जुन्या इंग्रजीत याच कुळातला धातू होता, पण उपसर्ग लावूनच वापरला जाई. ‘फरगेट’ (विसरणे) आणि ‘बिगेट’ (जन्म देणे) ही त्याची आजची रूपे. अस्सल इंग्रजी वळणाने यातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’सारखा होत असे. चौदाव्या शतकातल्या लेखनात ‘फॉरयेट’ असे रूप सापडते. आजचा ठसठशीत ‘ग’ ही नॉर्सची छाप आहे.

या क्रियापदाची खरी खुबी अशी, की मिळणे आणि मिळवणे यांत ते भेद करत नाही. ‘आय गॉट अ जॉब’ या वाक्यावरून माणसाने खटपट केली, की चालून आलेली संधी घेतली, हे कळत नाही. मराठीत ही पळवाट नाही. नोकरी मिळाली, मिळवली की लागली, हे बोलणाऱ्याला ठरवावेच लागते. शिवाय मराठीत नोकरी कर्त्याच्या जागी बसते आणि माणूस ‘मला’ म्हणून बाजूला उभा राहतो. इंग्रजीत माणसाने काहीही केलेले नसले तरी कर्ता तोच. म्हणून शब्दकोशात ‘मिळणे’ हा पहिला अर्थ असला, तरी वागणुकीने ‘गेट’च्या जवळ जाणारे मराठी क्रियापद ‘लागणे’ हे आहे, असे म्हणता येईल. नोकरी लागते, भूक लागते, फोन लागतो, थंडी लागते, एखादी गोष्ट आवडू लागते. या सगळ्या ठिकाणी इंग्रज माणूस ‘गेट’ने काम भागवतो.

समानार्थी शब्दांकडेही याच नजरेने पाहावे. ते ‘गेट’ची जागा घेत नाहीत, ‘गेट’ने झाकून ठेवलेले उघड करतात. ‘रिसीव्ह’मध्ये घेणाऱ्याचे कर्तृत्व जवळजवळ शून्य : पत्र, पुरस्कार, तक्रार समोरून येते. ‘ऑब्टेन’मध्ये अर्ज, रांग, शिक्का यांचा वास आहे, म्हणून परवानगी आणि दाखला यांच्याशी ते जमते, दुकानातून दूध ‘ऑब्टेन’ केले म्हणणारा हास्यास्पद ठरेल. ‘अक्वायर’ म्हणजे आपल्या मालकीत किंवा अंगात आणणे : जमीन, कंपनी, कौशल्य, सवय. ‘प्रोक्युअर’मध्ये कुठून तरी सोय लावून माल उभा करणे येते, सरकारी धान्यखरेदीला ‘प्रोक्युअरमेंट’ म्हणतात ते यामुळे. ‘अर्न’ला कष्ट लागतात, ‘विन’ला प्रतिस्पर्धी. ‘फेच’ म्हणजे जाऊन घेऊन येणे, यात दोन्ही फेऱ्या धरलेल्या असतात. मालाला चांगला भाव आला, हे सांगायलाही तेच क्रियापद चालते.

यांतले ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अक्वायर’, ‘प्रोक्युअर’ हे शब्द फ्रेंच-लॅटिन घराण्यातले आहेत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कायद्याची भाषा फ्रेंच झाली, आणि त्या वंशाच्या शब्दांना कागदोपत्री मान मिळाला. ‘गेट’ घरात आणि बाजारात राहिले. आजही बोलण्यात ते पावलोपावली येते, शास्त्रीय लेखनात क्वचित. निबंधात ‘गेट’ वापरू नका, असे शाळेत बजावतात. सल्ला अर्धाच खरा आहे. अर्ज किंवा अहवालात नेमका शब्द बरा. पण मित्राला लिहिलेल्या चिठ्ठीत ‘आय ऑब्टेन्ड युवर मेसेज’ लिहिले, तर ती चिठ्ठी सरकारी नोटीस वाटेल.

‘होणे’ या अर्थी ‘गेट’पुढे विशेषण येते : ‘गेट टायर्ड’, ‘गेट ओल्ड’, ‘गेट डार्क’. इथे ‘बिकम’ अधिक औपचारिक, ‘ग्रो’ हळूहळू होणाऱ्या बदलासाठी आणि ‘टर्न’ बहुधा रंग किंवा हवामान बदलताना. कर्मणी रचनेतही ‘गेट’ शिरते. ‘ही वॉज अरेस्टेड’ ही वृत्तपत्रातली बातमी. ‘ही गॉट अरेस्टेड’ ही कट्ट्यावरची. दुसऱ्या वाक्यात तो माणूस सापडला, त्याला ते भोवले, कदाचित त्याने ओढवूनही घेतले, अशी छटा येते. ‘गेट युवर हेअर कट’ म्हणजे केस कापून घे. मराठीतले ‘करवून घेणे’ इथे चपखल बसते.

मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो तो ‘हॅव गॉट’पाशी. रूप पूर्ण वर्तमानकाळाचे, अर्थ साध्या वर्तमानाचा. ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’ म्हणजे मला दोन बहिणी आहेत. ‘मिळाल्या आहेत’ असे भाषांतर केले, तर त्या जत्रेत हरवून सापडल्यासारख्या वाटतात. हीच रचना पुढे सक्ती दाखवू लागली : ‘आय हॅव गॉट टू गो’, म्हणजे मला गेलेच पाहिजे. बोलण्यात ती आक्रसून ‘गॉटा’ होते. ब्रिटनमध्ये ‘गॉटन’ हे जुने रूप मागे पडले, ‘इल-गॉटन’ (वाममार्गाने मिळवलेले) अशा जोडशब्दात तेवढे तगले. अमेरिकेत ते टिकले आणि कामालाही आले : तिथे ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवलेले किंवा झालेले असणे.

अव्यये जोडली की या क्रियापदाला ऊत येतो. ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे, ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे, ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे, ‘गेट राउंड टू’ म्हणजे अखेर सवड होणे, ‘गेट अवे विथ’ म्हणजे गुन्हा करून नामानिराळे राहणे. वाहनातून उतरताना ब्रिटिश माणूस बससाठी ‘गेट ऑफ’ आणि मोटारीसाठी ‘गेट आउट ऑफ’ म्हणतो. भारतीय इंग्रजीत दोन्हींसाठी सर्रास ‘गेट डाउन’ चालते. आपल्याकडे उतरणे म्हणजे खाली येणे, ते त्यात आले आहे. दादरला ‘गेट डाउन’ होणाऱ्याला इथे कोणी अडवत नाही, आणि अडवायचे कारणही नाही.

या लवचीकपणाचा कोणी किती फायदा घ्यावा, याचा कळस इंग्रज भाषाशास्त्रज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी गाठला. 1930 मध्ये त्यांनी ‘बेसिक इंग्लिश’ ही 850 शब्दांची आटोपशीर इंग्रजी मांडली. तिच्यात क्रियापदे फक्त 18, आणि त्यांत ‘गेट’ होते. ऑब्टेन, रिसीव्ह, बिकम यांची कामे त्यानेच उचलायची. शिकणाऱ्याचे पाठांतर वाचले, पण ‘गेट’ला कोणते अव्यय कुठे जोडायचे, हे अवघड काम शिल्लकच राहिले.

नाम म्हणूनही हा शब्द दिसतो. टेनिसमध्ये हाताबाहेर गेलेला चेंडू धावत जाऊन परतवला, की तो ‘गेट’. पत्रकारांच्या बोलीत मोठ्या व्यक्तीची इतर कोणाला न मिळालेली मुलाखत म्हणजे ‘गेट’. संगणकाच्या जगात ते आदेश बनले आहे. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो, ते ‘गेट’ या शब्दाने. एचटीटीपी या नियमावलीच्या 1991 मधल्या पहिल्या आवृत्तीत तेवढा एकच आदेश होता.