काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर (नवशिक्यासाठी निवड)

काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर म्हणजे काडतूस नसलेलं सहाबारी. फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक खणात समोरून दारू घालायची, वर शिशाची गोळी दांडीने ठासायची आणि मागच्या निपलवर (बारीक पोकळ बोंडावर) टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी स्फोटक वाटी, बसवायची, म्हणजे कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीचंच हे खिशातलं भावंड. आज नवीन मिळतात त्या जवळपास सगळ्या १९व्या शतकातल्या अमेरिकन मॉडेलच्या नकला, आणि बहुतेक इटलीत ब्रेशियाच्या परिसरात बनलेल्या (पिएत्ता, उबेर्ती वगैरे). हा नकलांचा धंदा १९५०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला असं साधारण मानतात, अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर होती आणि गिऱ्हाईक तयारच होतं.

नवशिक्यापुढे खरी निवड दोनच घराण्यांत असते, कोल्ट आणि रेमिंग्टन या जुन्या अमेरिकन बंदूक कंपन्यांच्या. रेमिंग्टनला सगळे सर्रास '१८५८' म्हणतात, दुकानदार आणि कॅटलॉगसुद्धा, पण हे साल उत्पादनाचं नाही. नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख कोरलेली असते, ते पेटंट बंदुकांचे संशोधक फोर्डाइस बील्स यांचं, आणि त्यात मुख्यतः सिलिंडरची मधली पिन अडकवून ठेवायची युक्ती आहे. सैन्यासाठीचं मोठं बील्स मॉडेल बाजारात यायला साधारण १८६०-६१ उजाडलं, आणि ज्याची नक्कल आज विकली जाते ते 'न्यू मॉडेल आर्मी' बहुतेक अभ्यासक १८६३च्या आसपास ठेवतात. मधे सुटे भाग मिसळून जोडलेल्या संक्रमणकाळातल्या बंदुका असल्यामुळे काटेकोर रेघ मारता येत नाही, पण १८६३ हेच जास्त पटतं. कोल्टचं तसं नाही, १८५१ नेव्ही (०.३६, म्हणजे नळीचं माप इंचांत) आणि १८६० आर्मी (०.४४) या नावांतली सालं बरीचशी खरी आहेत, फक्त नेव्हीचं उत्पादन १८५०मध्येच सुरू झालं असं दिसतं.

कोल्टला वरची पट्टी नाही, नळी एका पाचरीवर अडकलेली, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडून यंत्र अडकायची तक्रार जुनी आहे. रेमिंग्टनची फ्रेम वरून बंद, मजबूत, दांडी खाली करून पिन ओढली की सिलिंडर हातात, साफ करायला सोपं. मात्र ती पिन बारीक, काजळीने लवकर जाम होते, तिथे कोल्टचा जाड आणि ग्रीससाठी खाचा असलेला आस जास्त वेळ फिरत राहतो. तरी पहिलंच घ्यायचं तर स्टीलच्या फ्रेमचं ०.४४ रेमिंग्टन, बारीक आवाज-धक्का हवा असेल तर ०.३६ नेव्ही, याकडे जाणकारांचा कल आहे आणि तो योग्यच वाटतो. अमेरिकन रुगर ओल्ड आर्मी (१९७२ ते २००८) या सगळ्यांत दणकट, पण आता फक्त जुनं मिळतं.

पितळी फ्रेमची स्वस्त असतात म्हणून लोक तीच उचलतात. पितळ मुळात यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कारखान्यांची नाइलाजाची सोय, जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसनने पितळी फ्रेमची बनवली ती ०.३६ची, त्यामुळे पितळी '१८५१ नेव्ही ०.४४' ही इतिहासात नसलेली वस्तू आहे. भरपूर दारू घातली की सिलिंडर मागे आपटून फ्रेमवर त्याच्या मागच्या दात्यांचा गोल ठसा उमटतो आणि हळूहळू आस ढिला होतो. जुनं विकत घेताना हा ठसा आधी बघावा.

एक बार उडताना शेजारचे खणही पेटणं, याच्या कारणावर वाद आहे. एक पक्ष म्हणतो आग पुढून, सैल गोळीच्या कडेने शिरते, म्हणून गोळीवर ग्रीस किंवा खाली तेलकट चकती. दुसरा म्हणतो मागून, सैल टोपीतून. गोळी खणापेक्षा जराशी मोठी घेतली (०.४४ला ०.४५१ किंवा ०.४५४ इंच, ०.३६ला ०.३७५ किंवा ०.३८०) तर ठासताना शिशाची अख्खी कडी सोलून निघते, मग पुढून वाट फारशी उरत नाही, त्यामुळे मागच्या बाजूचा संशय जास्त सबळ. टोपी निपलवर घट्ट बसणारीच घ्यावी, १० नंबर की ११ ते निपल ठरवतं.

दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक साधारण ७५:१५:१०, बारीक दाण्याची. ०.४४मध्ये २५ ते ३० ग्रेन, म्हणजे दीड-दोन ग्रॅम, पुरते. गोळी आणि दारूत पोकळी राहू द्यायची नाही, कमी दारू असेल तर युरोपात नेमबाज वर चक्क रवा भरतात. आधुनिक बिनधुराची दारू यात कधीच नाही, थोडीसुद्धा नाही, फुटून हात जाईल. काजळी दमट हवेत पाणी ओढते, म्हणून त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुवून तेल.

कायदा देशागणिक वेगळा. अमेरिकेत १९६८च्या संघीय कायद्यात अशा नकला बहुतांशी 'अँटिक' (बंदूक नव्हे, जुनी वस्तू) धरतात, राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनने १९९७मध्ये हँडगनवर बंदी घातली तेव्हा तोंडाने भरायच्या हत्यारांना वगळलं, तरी सर्टिफिकेट लागतंच. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू, परवाना हवाच, आणि कोकणात ठासणीच्या बंदुकीला मिळणारा शेतीसंरक्षणाचा परवाना रिव्हॉल्व्हरला चालत नाही.