रजिस्टर बंद झाले, रजिस्ट्रेशन नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पोस्टांच्या खिडक्यांवर गेले काही महिने एकच वाद ऐकू येतो. गिऱ्हाईक पाकीट आत सरकवून ‘रजिस्टर करा’ म्हणते, आतून ‘रजिस्टर बंद आगेत्री’ असे उत्तर येते, म्हणजे रजिस्टर बंद झाले आहे. त्यावर बाहेरचा म्हणतो की एवढी जुनी सेवा अशी बंद होऊच शकत नाही, आतला म्हणतो की मी काय मनाचे सांगतो आहे का, आणि मागची रांग कुरकुरू लागते. हा वाद मिटत नाही, कारण दोघांच्याही बोलण्यात निम्मे तथ्य आहे आणि उरलेले निम्मे कोणीच बोलत नाही.

खिडकीच्या आतले तथ्य असे की १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत टपालातील रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. बाहेरचे तथ्य असे की रजिस्टर जे काम करीत असे ते काम बंद झालेले नाही. आता स्पीड पोस्ट करतानाच त्यावर ‘रजिस्ट्रेशन’ ही जादा सोय मागून घेता येते आणि १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरपत्रकात तिचे मूल्य ५ रुपये अधिक जीएसटी एवढे आहे. म्हणून ‘बंद झाले’ एवढेच सांगून पाकीट साध्या स्पीड पोस्टात टाकणारा कारकून मला जितका खटकतो, तितकेच ‘स्पीड काय आणि रजिस्टर काय, सगळे सारखेच’ म्हणून मान डोलावणारे गिऱ्हाईकही खटकते.

स्पीड पोस्ट म्हणजे काय हे सांगत बसण्याची गरज नाही. ती १९८६ पासून चालू आहे, आपला पासपोर्ट तिच्याच वाटेने घरी येतो, आणि पत्र कुठवर पोहोचले हे मोबाईलवर पाहणे आता शाळकरी पोरांनाही जमते. वेग आणि माग काढणे या दोन बाबींवरून मी कधी वाद घालीत नाही, तुम्हीही घालू नये.

खरा फरक पत्र कोणाच्या हाती पडते यात आहे. साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर द्यायचे असते. त्या घरात जो कोणी सापडेल आणि सही करून घेईल त्याच्या हाती ते दिले की पोस्टमनचे काम नियमाप्रमाणे पूर्ण होते. रजिस्ट्रेशन केलेले पत्र मात्र पाकिटावर ज्याचे नाव आहे त्यालाच, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचे असते. तो घरी नसेल तर पोस्टमन सूचना ठेवून पत्र परत नेतो. शहरातील दोन खोल्यांच्या घरात हा भेद कोणाच्या ध्यानातही येणार नाही, पण आपल्याकडच्या एका उंबऱ्याआड चार चुली असलेल्या घरात तो फार महाग पडतो.

मला तो पडला आहे. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे रजिस्टर अजून स्वतंत्र होते तेव्हा, आईच्या वाट्याच्या शेताबाबत मामांना एक पत्र पाठवायचे होते. मामांचे गाव सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. त्या वेळी रजिस्टरला कर धरून सुमारे २६ रुपये पडत आणि स्पीडला ४१. मी विचार केला की कागद महत्त्वाचा आहे, तर पंधरा रुपयांकडे काय पाहायचे, आणि स्पीड केले. अधिक पैशांची सेवा अधिक पक्की असते हा समज माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचाही होता. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ दिसले आणि मी निर्धास्त झालो. महिनाभराने मामांना फोन केला तर ते म्हणाले, ‘कसलं पत्र? मला काहीएक मिळालं नाही बघ.’ खोटे ते बोलत नव्हते. पत्र धाकट्या मामांच्या मुलाने सही करून घेतले होते आणि ते स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत, न उघडता पडून होते. मी तावातावाने पोस्टात गेलो. खिडकीमागच्या मॅडमनी शांतपणे विचारले, ‘पत्ता बरोबर होता ना? मग त्या पत्त्यावर दिलंय की.’ मला बोलायला जागाच उरली नाही, कारण पोस्टाची चूक नव्हती आणि मामेभावाची तर नव्हतीच.

तेव्हा वाटणी, वारसा, भाडेकरू, थकबाकी असल्या कोणत्याही प्रकरणातील नोटीस असेल तर रजिस्ट्रेशनचे पाच रुपये वाचवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या २७ व्या कलमात, टपालाने बजावणी करायची असेल तेथे बरोबर पत्ता लिहून, पूर्ण शुल्क भरून, रजिस्टर्ड टपालाने पाठवलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, बजावला गेला असे मानले जाते. वकील मंडळी अजूनही ‘आर.पी.ए.डी. (म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर) केलंत का?’ असे जे विचारतात ते उगीच नव्हे. याउलट लग्नाची पत्रिका, दिवाळी अंक किंवा बहिणीने भावाला पाठवलेली राखी यांवर रजिस्ट्रेशन करणे म्हणजे घेणाऱ्याला त्रास देणे होय. भाऊ आठवडाभर गोव्यात कामाला असेल तर घरात पाच माणसे असूनही राखी त्यांच्या हाती मिळणार नाही आणि मुदत संपली की बहिणीकडे परत येईल.

पोचपावतीचा घोळ वेगळा आहे, आणि तो मात्र दोन वाक्यांत मिटतो. रजिस्ट्रेशन पत्र कोणाला द्यायचे ते ठरवते, पोचपावती ते दिल्याचा पुरावा तुमच्याकडे परत आणते; दोन्ही हव्या असतील तर दोन्ही वेगवेगळ्या मागाव्या लागतात. खिडकीवर मिळते ती पाठवल्याची पावती, तिला पोचपावती म्हणणे कृपा करून थांबवावे. ओटीपी ही तिसरी सोय, तीही ५ रुपये अधिक कर एवढ्यातच मिळते, पण गावाकडे आजोबांच्या नावावरच्या पत्रासाठी आपण पुण्यातल्या नातवाचा मोबाईल नंबर देत असू तर त्या ओटीपीसाठी पोस्टमन दारात किती वेळ उभा राहील याचा विचार आधी करावा.

दरावरूनही आपल्याकडे हुज्जत होते, विशेषतः ‘चंदगड इथून दिसतंय, तरी एवढे पैसे?’ अशी. ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला स्थानिक दर १९ रुपये आहे आणि स्थानिक नसलेल्या प्रत्येक ठिकाणासाठी ४७. पत्र चंदगडला जावो की गुवाहाटीला, दर तोच. राज्याची सीमा ओलांडली म्हणून जादा काही पडत नाही आणि आपला पिन ५ ने व पलीकडचा ४ ने सुरू होतो याचा दराशी काही संबंध नाही. अंतर मोजायला सुरुवात होते ती ५० ग्रॅमच्या पुढे. रजिस्ट्रेशनसह चंदगडच्या साध्या पाकिटाला ५२ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६१ रुपये ३६ पैसे होतात.

राहिला प्रश्न खिडकीवर काय बोलायचे याचा. ‘रजिस्टर करा’ हे शब्द आता सोडून द्यावेत, कारण त्यांना ‘बंद आहे’ हेच उत्तर येणार आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असणार. त्याऐवजी ‘स्पीड पोस्ट, आणि त्यावर रजिस्ट्रेशन’ असे एका दमात म्हणावे. मराठी, कन्नड, हिंदी कोणत्याही भाषेत बोललात तरी हे दोन शब्द सारखेच कळतात. पावती हाती आली की तेथेच उभे राहून रजिस्ट्रेशनचे पैसे लागले आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर मागचा माणूस कितीही कुरकुरला तरी पाकीट थैलीत पडण्याआधी सांगावे.