ॲप अडखळते तेव्हा: स्टेट कुठे आहे ते आधी पाहा

आमच्याकडून ॲप करून घेऊन पुढे स्वतःच्या टीमकडे सांभाळायला देणाऱ्या ग्राहकांसाठी

स्विफ्टयूआय, जेटपॅक कंपोज, रिॲक्ट, फ्लटर: ॲपची स्क्रीन बनवण्याची ही फ्रेमवर्क (तयार साधने). रीत सगळीकडे एकच. बटणाचा रंग आपण थेट बदलत नाही. स्टेट, म्हणजे ॲपने त्या क्षणी लक्षात ठेवलेली माहिती, बदलतो आणि स्क्रीन कशी दिसावी ते फ्रेमवर्क पुन्हा ठरवते. हे ‘पुन्हा’ फुकट होत नाही. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. तेवढ्यात काम उरकले नाही की फ्रेम गळते आणि स्क्रोल करणाऱ्या बोटाला ते लगेच कळते.

दोष फोनला दिला जातो, पण बऱ्याचदा पाणी मुरते ते गरजेपेक्षा वर, म्हणजे स्क्रीनच्या मोठ्या भागाकडे, ठेवलेल्या स्टेटमध्ये. समजा, ५०० वस्तूंची यादी आहे, वर सर्च बॉक्स आहे, आणि टाइप केलेला मजकूर अख्ख्या स्क्रीनच्या स्टेटमध्ये ठेवला आहे. सहा अक्षरे टाइप केली की सहा वेळा सगळी स्क्रीन पुन्हा तपासली जाते. त्यात फिल्टर आणि सॉर्ट रेंडर होतानाच (स्क्रीन नव्याने रचली जातानाच) चालत असतील, तर तेही सहा वेळा. मजकूर सर्च बॉक्सपाशीच ठेवा, टायपिंग थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी शोध सुरू करा, आणि गाळलेली यादी एकदा तयार करून मगच खाली द्या. रिॲक्टमध्ये त्यासाठी यूजमेमो आहे, कंपोजमध्ये ‘की’ (जी बदलली तरच यादी पुन्हा काढायची ती गोष्ट) दिलेला रिमेंबर.

मेमो (आधीच्याशी तुलना करून बदल नसेल तर जुनाच निकाल वापरणे) मात्र सरसकट लावू नका. तुलनेलाही वेळ लागतो, आणि दर वेळी नवा ॲरे किंवा नवे फंक्शन खाली जात असेल तर मेमो नावालाच उरतो.

यादीतल्या ओळीची ‘की’ (ओळखखूण) म्हणून इंडेक्स (यादीतला क्रमांक) वापरला की गंमत होते: पहिली ओळ डिलीट करा, तिची टिक दुसरीवर जाऊन बसते. दर रेंडरला नवा यूयूआयडी (आपोआप बनणारा एकमेव आयडी) देणे त्याहून वाईट. प्रत्येक ओळ नवी समजली जाते, भरलेला मजकूर पुसला जातो. डेटाबेसमधला आयडीच वापरा.

एका गोष्टीच्या दोन प्रती ठेवू नका. कार्टमधल्या वस्तू स्टेटमध्ये असतील तर एकूण रक्कम त्यांवरून काढा. वेगळी साठवली की कधीतरी चुकणारच.

स्विफ्टयूआयमध्ये व्ह्यूच्या (स्क्रीनच्या एका तुकड्याच्या) आतच ऑब्झर्व्ह्डऑब्जेक्ट (व्ह्यू ज्याच्या बदलांवर नजर ठेवतो तो डेटा) तयार केला, तर वरचा व्ह्यू पुन्हा रेंडर होताच तो नव्याने बनू शकतो आणि डेटा गायब होतो. तिथे स्टेटऑब्जेक्ट हवा (आयओएस १४ पासून). ऑब्झर्वेबलऑब्जेक्टमधले (अशा डेटाच्या प्रकारातले) एक पब्लिश्ड, म्हणजे बदल कळवणारे, मूल्य बदलले तरी त्याला जोडलेले सगळे व्ह्यू जागे होतात. आयओएस १७ मधला ऑब्झर्वेबल मॅक्रो फक्त ते मूल्य वाचणाऱ्यांना उठवतो. किमान आयओएस १७ चालत असेल तर तिकडे वळाच.

वेग मोजायचा तो रिलीज बिल्डवर (वापरकर्त्यांना दिल्या जाणाऱ्या ॲपवर). कंपोजचा डीबग बिल्ड (डेव्हलपरच्या चाचणीचा) इतका संथ असतो की त्यावरून काही ठरवू नये. कोणता भाग किती वेळा रेंडर झाला हे रिॲक्टच्या प्रोफायलरमध्ये, तर रीकंपोझिशनचे (कंपोजमधल्या पुन्हा रेंडर होण्याचे) आकडे अँड्रॉइड स्टुडिओच्या लेआउट इन्स्पेक्टरमध्ये दिसतात.

आमच्याकडे तक्रार पाठवताना फोनचे मॉडेल, ओएसची आवृत्ती, बिल्ड नंबर आणि दहा सेकंदांचे स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. यादीत किती ओळी होत्या तेही लिहा. २० ओळींवर न दिसणारा दोष २,००० ओळींवर दिसतो.