मीठ-नियमन (गोवा) : मुक्त बाजारवादी दृष्टिकोन

गोव्यातील मिठाचे उत्पादन, विक्री व कर यांवरील सरकारी बंधनांची मुक्त बाजारवादी चिकित्सा मुख्यतः २६ डिसेंबर १८७८ च्या आंग्ल-पोर्तुगीज कराराभोवती फिरते. येथील मिठागरे पोर्तुगीजपूर्व असावीत. पेडण्यातील आगरवाडे हे गावाचे नावही (आगर म्हणजे मिठागर) त्याच धंद्याकडे बोट दाखवते.

१८८० ते १८९२ अशी बारा वर्षे अमलात राहिलेल्या या कराराने गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकात उठली आणि मुरगावहून घाटावर जाणाऱ्या रेल्वेची वाट मोकळी झाली. त्यामुळे त्याची गणना सहसा मुक्त व्यापाराच्या करारांत होते. मात्र त्याच करारान्वये मिठाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले आणि मोबदल्याचे वार्षिक चार लाख रुपये गोवा सरकारच्या तिजोरीत पडू लागले. १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने बहुतेक आयातशुल्के रद्द केली, त्यातून मीठ वगळले. त्या वर्षी मणामागे दोन रुपयांवर आणलेला मीठकर १८८८ मध्ये अडीच रुपये झाला. गोव्याचे स्वस्त मीठ मोकळेपणी घाट चढले असते, तर एवढा कर वसूल होणे कठीण होते.

मिठागरांच्या ऱ्हासाचा दोष काही अभ्यासक खुल्या व्यापाराला देतात, तर काही ब्रिटिशांच्या मीठ-मक्तेदारीला. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. भरतीचे पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) आत घ्यायचे, तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांत ते उन्हाने आटवायचे आणि पावसाआधी रास उचलायची, असा हा धंदा असल्याने विक्रीची मनाई झाली की मिठगावड्याचा (मीठ पिकवणाऱ्याचा) अख्खा हंगाम बुडतो. जकात उठल्याने तसे होत नाही. मीठ ही जीवनावश्यक वस्तू असल्याने तिच्यावरील करामुळे अखेरीस मजुरीचे दर वाढतात, असे अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथनेही मांडले होते.

स्वतंत्र भारतात हा वाद निराळ्या रूपाने पुढे आला. २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई आहे. आयोडीन नसल्याचे पिशवीवर स्पष्ट छापावे आणि निवड गिऱ्हाइकावर सोडावी, अशी मुक्त बाजारवाद्यांची भूमिका असते. आईला आयोडीन कमी पडल्यास ज्याच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, त्या गर्भातल्या बाळाला ही निवड करता येत नाही, हा त्यावरचा आक्षेप वजनदार आहे. गावठी मीठ आजही चेपणीच्या (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या) आंब्यांना, खाऱ्या मासळीला आणि माडाच्या आळ्यात घालायला लागते.